आमचं दोघींचं पुस्तक

हिंजवडीजवळच्या आमच्या नांद्यासारख्या गावात बाईच्या हातात पुस्तक दिसलं की ती आजारी असावी असं लोकांना वाटतं. खोटं नाही सांगत. लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा दुपारी ओसरीवर कादंबरी घेऊन बसले होते, तर समोरच्या घरातली म्हातारी उठून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितलं. "ताप न्हाई," म्हणाली, "मग हितं काय बसलीयास?" त्या दिवसापासून मी पुस्तक बाजरीच्या डब्यात ठेवायला शिकले. पुढं त्या पुस्तकाला बाजरीतले पोरकिडे लागले आणि तो विषय संपला.

फोनचं तसं नाही. फोन हातात असला की बाई कामात आहे असं धरून चालतात. भाडेकऱ्याचा फोन असेल, सिलिंडरचा मेसेज असेल, बचत गटाचं काहीतरी असेल. आता तर देवळाच्या पायरीवर बसणारे म्हातारेसुद्धा मान खाली घालून बोट फिरवत असतात, त्यांना कोण विचारतंय? मीही मान खाली घालते, मीही बोट फिरवते. माझ्या फोनमध्ये एका घराच्या तीन पिढ्या भांडत असतात, एवढाच काय तो फरक.

शहरातल्या बायका सांगतात की कागदाच्या पुस्तकाचा वास फोनला येत नाही. मी म्हणते, वासाची एवढी हौस असेल तर माझ्या गोठ्यात या. मला विचाराल तर फोनमधल्या पुस्तकासारखी सोय नाही. भाकरी थापताना तो डब्याला टेकवून उभा करता येतो. लाईट गेली तरी वाचता येतं. चष्मा सापडला नाही तर अक्षर मोठं करता येतं. ग्रंथालयात परत न्यायची घाई नाही, कुणी मागून नेऊन हरवत नाही. आणि कुणी आलंच, तर एक बोट लावलं की पुस्तक नाहीसं होतं आणि त्या जागी गणपतीचा फोटो येतो. बाजरीच्या डब्यापेक्षा हे केव्हाही बरं.

ही सोय मला माझ्या लेकीनं करून दिली. एकुलती एक लेक. हिंजवडीला नोकरीला लागली तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलं नाही, माझ्या फोनमध्ये पुस्तकांचं ॲप टाकलं. "तुला वेगळं खातं कशाला काढायचं, आई? माझ्याच खात्यावर वाच. मी पुस्तक घेतलं की तुझ्याकडं आपोआप दिसंल." मला काही कळलं नाही. मी म्हटलं, दिसू दे. मग आम्ही दोघींनी एकच जाडजूड कादंबरी वाचायला घेतली. ती बसमध्ये वाचायची, मी चुलीपुढं, आणि रात्री जेवताना दोघी एकमेकींकडं बघून हसायचो. मालक म्हणायचे, "काय खुसपूस चाललीया?" मालक म्हणजे माझा नवरा. त्यांनी शाळा सोडली त्या दिवशी पुस्तकाला हात जोडले, ते कायमचेच. पेपर येतो तोही कुणाची जमीन कितीला गेली हे बघण्यासाठी.

आमच्या घराच्या वर भाड्याच्या खोल्या आहेत. इथं सगळ्यांच्याच आहेत, शेतात आता दुसरं काय पिकतं? वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक मुलगा राहायचा, लांबच्या राज्यातला. मराठी तोडकंमोडकं बोलायचा, पण पाण्याची मोटर आठवणीनं बंद करणारा सगळ्या भाडेकऱ्यांत तो एकटाच. लेकीनं त्याच्याशी लग्न केलं. पळून बिळून गेली नाही. आधी घरात सांगितलं, समोर बसून, आणि मालकांनी ऐकून घेतलं नाही तेव्हा गेली.

आमच्याकडं अशा मुलीच्या नावानं अंघोळ करतात. माणूस गेल्यावर करतात तशी. मालक आणि दीर गार पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात बसले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि उठले. मला म्हणाले, "तूबी कर." मीही मोरीत जाऊन केली. मला आठवतंय, पाणी डोक्यावर पडलं तेव्हा साबण संपत आलाय, आणायला पाहिजे, एवढंच माझ्या मनात आलं. बाहेर आले तर जावेनं चहा टाकला होता. मी तो प्याले, बशी धुतली आणि धारा काढायला गेले.

तेव्हापासून मला काही वाटायचंच बंद झालं. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं. चिमटा काढला तर कळतं की काहीतरी होतंय, पण दुखत नाही. कुणी सांत्वनाला आलं तर मी त्यांना चहा द्यायचे. कुणी टोमणा मारला तरी चहाच द्यायचे. जाऊ एकदा म्हणाली, "अक्का, एकदा रडून घ्या, मोकळं वाटंल." मी म्हटलं, "आलं की रडीन." ते काही आलं नाही.

लेकीनं एकदा फोन केला होता. मी भाजी निवडत होते, फोन मालकांच्या हातात होता. त्यांनी आवाज ऐकला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. मग नंबर काढून टाकला, तो पुन्हा लागू नये असंही काहीतरी केलं. त्यानंतर रोज संध्याकाळी जेवणाआधी ते हात पुढं करायचे, "आण गं फोन." कुणाचे फोन आले, कुणाचे मेसेज आले ते बघायचे आणि परत द्यायचे. आमच्या फोनला कुलूप नाही. घरात एकमेकांपासून काय लपवायचं, असं मालकांचं म्हणणं. मी कधी भांडले नाही. भांडायला आतून काहीतरी उठावं लागतं, ते उठत नव्हतं. लेक कुठं राहते ते मात्र जावेनं कानावर घातलं होतं. गावात अशी बातमी कुणाला विचारावी लागत नाही. आमच्या गच्चीवरून उंच इमारतींची रांग दिसते, त्यांच्या मागच्या सोसायटीत. रिक्षात बसलं तर पाव तासही लागायचा नाही. मी गच्चीवर कपडे वाळत घालायचे आणि त्या इमारतींकडं पाठ करून घालायचे.

असेच बरेच दिवस गेल्यावर एका दुपारी काही सुचेना म्हणून फोनमधली ती कादंबरी उघडली. मी ती त्यातल्या थोरल्या मुलाच्या लग्नापाशी सोडली होती. उघडली तर तिथं कुणाचं तरी तेरावं चाललेलं. मला वाटलं, फोन बिघडला. बोट मागंमागं नेत लग्नापाशी आले, दोन पानं वाचली आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पुस्तक पुन्हा पुढं गेलेलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग माझ्या लक्षात आलं. खातं एकच आणि फोन दोन. एकीनं जिथं थांबवलं, तिथंच दुसरीचं पुस्तक उघडत होतं.

म्हणजे लेक वाचत होती. बसमध्ये, नाहीतर आपल्या नव्या घरी बसून, पण वाचत होती. जिवंत होती, तिला वाचायला सवड होती, म्हणजे बरं चाललं असावं. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी भाताला मीठ किती घातलं ते माझ्या ध्यानात राहिलं. नाहीतर तोवर रोज एकतर अळणी व्हायचा, नाहीतर खारट.

मग आमची एक पद्धत पडत गेली. कुणी कुणाला सांगितली नाही. मी दुपारी एक प्रकरण वाचायचे आणि वाचून झालं की बोटानं परत त्याच प्रकरणाच्या पहिल्या पानावर आणून ठेवायचे, तिच्यासाठी. ती संध्याकाळी ते वाचायची आणि पुढच्या प्रकरणाच्या तोंडाशी ठेवायची, माझ्यासाठी. आधी मला वाटलं, योगायोग. पण एकदा मी मुद्दाम अर्ध्यात सोडलं, तर दुसऱ्या दिवशी ते मला त्याच अर्ध्यात मिळालं. लेक थांबली होती. मालक संध्याकाळी फोन घेऊन सगळं तपासायचे, फोन, मेसेज, फोटो. त्या पुस्तकांच्या चौकोनाकडं ते ढुंकूनही बघायचे नाहीत. त्यांच्या लेखी तो बायकांचा टाइमपास होता.

मी तिला काही कळवू शकत नव्हते आणि तीही मला. पण प्रकरण जागच्या जागी मिळालं की मी समजायचे, आज तिचं बरं आहे. त्या वेळी मला तेवढं पुरत होतं. जास्त दिलं असतं तर कुठं ठेवलं असतं कुणास ठाऊक.

एके दिवशी कादंबरी थांबली. मी ठेवलेलं पान तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तसंच. मी रोज उघडून बघायचे आणि बंद करायचे. मग एकदा पुस्तकांच्या रांगेत एक नवं पुस्तक आलेलं दिसलं. वर पोटावर हात ठेवून बसलेल्या बाईचं चित्र. गरोदर बाईनं काय खावं, कसं झोपावं, डॉक्टरकडं केव्हा जावं, असलं ते पुस्तक होतं.

मी चुलीपुढं बसले होते. दूध उतू गेलं, ते मला वासावरून कळलं. आजी होणार ही बातमी बाईला कशी कळते? लेक कानात सांगते, नाहीतर आंबट मागते, नाहीतर तोंडावरून ओळखता येतं. मला ती पुस्तकाच्या चित्रावरून कळली. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला घरी आणतात, मग ती बाळ घेऊनच सासरी जाते. जगाची रीत आहे, कुणी शिकवावी लागत नाही. आणि माझी लेक बाळंतपण पुस्तकातून शिकत होती.

मी ते पुस्तक एका दमात वाचून काढलं. बरं लिहिलंय. काही ठिकाणी मला हसू आलं. डोहाळे लागले तर थोडं थोडं खावं म्हणे. जणू काही डोहाळे पान बघून लागतात. पण बाकी सगळं ठीक होतं. आता आमची पद्धत या पुस्तकाला लागली. ती चौथ्या महिन्यापाशी ठेवायची, मग पाचव्या, मग सहाव्या, आणि मी बसल्या जागी तिचे महिने मोजायचे. इकडं जावेला वाटायचं मी पाककृती बघतेय. "अक्का, एखादी आमालाबी दावा की," म्हणायची. मी म्हणायचे, "ही तुला न्हाई जमायची."

मग पुस्तक एका पानावर येऊन अडलं. ते पान सुजेचं होतं. पाय, हात, तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर हयगय करू नये, असं त्यात लिहिलं होतं. नडगीवर अंगठ्यानं दाबून बघावं, बोट काढल्यावर खड्डा तसाच राहिला तर ताबडतोब डॉक्टरकडं जावं. मी ते वाचलं आणि पुढच्या प्रकरणावर नेऊन ठेवलं. त्यात बाळाचे कपडे, दुपटी, हॉस्पिटलच्या पिशवीत काय भरावं, असं सगळं चांगलं चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पुन्हा सुजेचं पान. मी पुन्हा पुढं नेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधूनच अक्षरंही भलीमोठी झालेली दिसायची, माझंच बोट लागलं असणार म्हणून मी ती परत लहान करायचे. आठवडा झाला, दुसरा लागला. मी दुपट्यांपाशी ठेवतेय आणि लेक रोज परत त्या सुजेपाशी येतेय.

मालकांची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं, त्यांच्या शेवटच्या दिवसांत, एकदाच. तिला माहेरी आणायला उशीर केला. आज आणू, उद्या आणू, भाताची कापणी होऊ दे. आणली तेव्हा पायात जोडवी रुतली होती, इतकी सूज होती. मालक तेव्हा लहान होते, तिच्या मागंमागं फिरायचे. त्यांच्या तोंडून मी कधी तिचा विषय ऐकला नाही. आमच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव काढत नाहीत, आणि ज्याच्या नावानं अंघोळ केली त्याचंही नाही.

त्या दुपारी सुजेचं पान पुन्हा उघडलं. लेकीचे पाय सुजलेत, तिला कुणी सांगणारं नाही, ती घाबरून पुन्हा पुन्हा तेच पान वाचतेय, आणि मी चुलीपुढं बसून तिच्यासाठी दुपटी पुढं सरकवतेय. मला भीती वाटली. कितीतरी महिन्यांत मला काही वाटलं ते हेच पहिलं. मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, चांगलं लुगडं नेसले आणि बाहेर आले.

जाऊ अंगणात कुरडया उलथत होती. "कुटं निगालात, अक्का?"

"लेकीकडं."

तिच्या हातातली कुरडई मोडली. "आन थोरल्या भावजींना काय सांगू?"

"खरं हाय ते सांग."

मला लपूनछपून जायचं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नाही माझं. भर दुपारी, गावाच्या मधून, चौकातल्या सगळ्यांच्या देखत चालत रस्त्यावर आले आणि रिक्षाला हात केला. मालक शिवेच्या मोजणीला गेले होते, कुठल्या तरी पडीक तुकड्यावर. रिक्षात बसल्यावर आठवलं की मी रिकाम्या हातानं चालले आहे. लेकीच्या घरी पहिल्यांदा, तेही पोटुशी लेक. वाटेत रिक्षा थांबवून एक नारळ घेतला. खण घ्यायला हवा होता, पण दुकान शोधत बसायला धीर नव्हता.

सोसायटीच्या दारावर रखवालदार होता. "किसके यहाँ जाना है? फ्लॅट नंबर?" मी म्हटलं, "लेकीकडं जायचंय." त्यानं पुन्हा नंबर विचारला. मी पुन्हा लेक म्हटलं. नंबर मला कुठून माहीत असणार? मग जावयाचं नाव सांगितलं. ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारत होते, आणि तेही चुकलंच असावं, कारण त्यानं दोनदा विचारून घेतलं. त्यानं वर फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण तो एकदम उठून उभा राहिला आणि लिफ्ट कुठं आहे ते दाखवायला माझ्याबरोबर आला.

लेक लिफ्टच्या दारातच उभी होती. पोट चांगलं दिसत होतं. "आई," म्हणाली आणि रडायला लागली. जावई मागं उभा होता, त्यानं वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातातला नारळ घेऊन तो कुठं ठेवावा ते न कळून धरूनच राहिला. मला रडू आलं नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, तोंड सुजलंय का ते.

"आत चल आन बस," मी म्हटलं. "पाय वर घे."

"अगं आई, पाणी तरी पी."

"पाय वर घे म्हटलं ना."

तिनं सोफ्यावर पाय लांब केले. मी खाली बसले, तिचा पायजमा वर सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. पुस्तकात सांगितलं होतं तसा. मग उचलला. कातडी जागच्या जागी आली. दुसरा पाय बघितला. घोटे बघितले, हाताची बोटं बघितली, अंगठी फिरवून बघितली. कुठं काही नव्हतं. माझ्या लेकीचे पाय मला आठवत होते तसेच होते, फक्त टाचा थोड्या भेगाळल्या होत्या.

"सूज न्हाई," मी म्हटलं.

"नाहीच आहे. डॉक्टर म्हणाल्या सगळं छान आहे."

"मग रोज ते पान कशाला वाचतीस? जीव घाबरा झाला माझा."

लेकीनं डोळे पुसले. "मी कुठं वाचतेय? मला तर महिनाभर फोन डोळ्यांपुढं धरवत नाही, गरगरतं. कधीतरी उघडते, तुझी खूण बघायला. तूच रोज ते पान काढून ठेवतेस ना? मला वाटलं, आई सांगतेय, जपून राहा. म्हणून मी मुद्दाम जाऊन बीपी तपासून आले."

"मी न्हाई ठेवलं. मी तर तुज्यासाटी दुपट्यांपाशी ठेवायचे."

जावयाला मराठी थोडंफार कळतं, पण हे त्याला कळलं नाही. त्यानं नारळ टीव्हीजवळ ठेवला आणि चहा टाकायला आत गेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मालक होते. जावेनं खरं ते सांगितलेलं दिसत होतं. फोन हातात घेतला तेव्हा माझं मन पुन्हा सुन्न झालं होतं. आता शिव्या येतील, घरी येऊ नकोस म्हणतील, म्हणू देत. फक्त उठून जायचं नव्हतं, एवढंच ठरलं होतं. स्पीकर चालू झाला तो चुकून, की माझ्या हाताला तसंच पाहिजे होतं, सांगता येत नाही.

"कुटं हायेस?"

"लेकीकडं आलीया."

पलीकडं वारा ऐकू येत होता. ते अजून त्या पडीक तुकड्यावरच असावेत. मोजणीवाली माणसं लांबून एकमेकांना काहीतरी ओरडून सांगत होती.

"पाय सुजल्यात का तिचं?" ते म्हणाले.

मी लेकीकडं बघितलं. तिनं तोंडावर हात धरला होता. पहाटे मी धारा काढायला जाते तेव्हा फोन सोप्यात चार्जिंगला असतो, आणि मालक माझ्या आधी उठतात. ती अक्षरं माझ्या बोटानं मोठी झाली नव्हती.

"न्हाईत," मी म्हटलं.

"नडगी दाबून बगितलीस?"

"बगितली."

"दोनी पायाची?"

"दोनी पायाची बगितली. खड्डा न्हाई पडत."

त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. लेकीनं हात पुढं केला. मी फोन तिच्या हातात दिला.